आन्सायला ढोल शिकायला लेकीला पाठवताय? मग हे वाचा

ताई, शाआन्शी प्रांतातल्या आन्सायचा कंबरढोल २००६ पासून चीनच्या राष्ट्रीय वारसा यादीत आहे, पण लेकीला त्याचं कौतुक नंतर सांगा. आधी तिला दोरीवरच्या उड्या मारायला लावा. ढोल डाव्या कमरेला बांधून उड्या मारत, गिरक्या घेत वाजवायचा असतो. हातांआधी पोटऱ्या भरून येतात. घट्ट बसणारे सपाट बूट द्या. पिवळ्या मातीची धूळ उडते, म्हणून रुमालही. (पांढरे कपडे नकोच!)

चिनी ढोलवादनात बोल आधी तोंडी म्हणतात: ढोलाला ‘दोंग’, झांज-घंटेसकट ‘च्यांग’. तबल्याचे बोल येत असतील तर निम्मी भीती तिथेच संपते. काठ्यांना बांधलेलं लाल कापड सुरुवातीला मनगटाला गुंडाळतं, रडू येतं. येऊ द्या. रोज फोन करून ‘काय शिकलीस?’ मात्र विचारू नका.