विजेचं बिल आणि सरासरी

प्रश्न: मुलगी दहावीत आहे. सांख्यिकीची पुस्तकातली गणितं बिनचूक सोडवते. पण विजेचं बिल दाखवून ‘आपल्याला महिन्याला साधारण किती युनिट लागतात?’ असं विचारलं की मध्य (म्हणजे नेहमीची सरासरी) काढू की मध्यक (संख्या चढत्या क्रमानं लावल्यावर मधोमध येणारी), इथेच अडते. काय करावं?

उत्तर: पुस्तकात ‘मध्यक काढा’ असं छापलेलंच असतं, निवड तिला कधी करावी लागलेली नाही. सूत्र बाजूला ठेवून बिलच घ्या. समजा, जानेवारी ते डिसेंबरचे युनिट असे आहेत: ९०, ९६, १४०, १९०, २०३, ११२, १०४, १०२, १००, ११०, १०८, ८५.

बेरीज १४४०, मध्य १२०. आता विचारा, १२० च्या वर किती महिने गेले? मार्च, एप्रिल, मे, एवढेच. उरलेले नऊ सरासरीच्या खाली. निम्मे वर आणि निम्मे खाली असणार, असं बरीच मुलं धरून चालतात. इथे उन्हाळ्यानं मध्य वर ओढला आहे. वर्षाचे एकूण युनिट हवे असतील तर मध्य घ्यावा, १२ ने गुणला की १४४० परत मिळतात. (रुपयांना हा हिशेब लावू नका, दर टप्प्याटप्प्यानं वाढतो.) नेहमीचा महिना कसा, याला मध्यक बरा.

मध्यकात मुलं हमखास चुकतात ती संख्या चढत्या क्रमानं न लावल्यामुळे. बारा संख्यांत मधल्या दोन, म्हणजे सहावी-सातवी, घेऊन त्यांची सरासरी काढायची; वरच्या यादीत त्या ११२ आणि १०४, म्हणून मुलांचं उत्तर १०८. खरं उत्तर १०४ आणि १०८ यांच्या मधलं, १०६. फरक इतका थोडा की चूक लक्षातच येत नाही. म्हणून तीच यादी एप्रिलपासून लिहायला सांगा: आता सहावी-सातवी १०० आणि ११०, उत्तर १०५. महिने पुढेमागे केल्यानं मध्यक बदलतोच कसा, हा प्रश्न तिलाच पडू द्या. आधी सांगून टाकू नका.

प्रश्न: एका तुकडीची सरासरी ६०, दुसरीची ७५. दोन्ही मिळून ६७.५ का नाही?

उत्तर: दोन्हींत मुलं सारखी असतील तर ६७.५ बरोबर. पहिलीत २० आणि दुसरीत ४० असतील, तर एकूण गुण १२०० + ३००० = ४२००; भागिले ६०, म्हणजे ७०. सरासरीशेजारी पटसंख्या दिलेली नसेल, तर ‘माहिती अपुरी आहे’ हेच उत्तर, आणि त्याला पूर्ण गुण द्यावेत.