सापळ्यात ढीगभर माश्या, तरी आंब्यात अळी कशी?

प्रश्न: आमची देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे. मे महिन्यात फळमाशीचे सापळे लावले, डबे माश्यांनी भरले, तरी काढलेल्या आंब्यात अळ्या निघाल्याच. सापळा खोटा का? आणि विकतच्या गोळीऐवजी तुळशीचा पाला कुटून ठेवला तर चालेल का?

उत्तर: सापळा खोटा नाही दादा, पण त्यात पडतात ते नुसते नर. आतल्या वडीला मिथाईल युजेनॉल नावाचं वासाचं द्रव्य लावलेलं असतं, तो वास नराला ओढतो. ते खाऊन नर अंगात मादीला भुलवणारा गंध तयार करतो म्हणून त्याला त्याची एवढी ओढ, मादी मात्र तिकडे फिरकत नाही, ती सरळ पाडाला आलेल्या फळात अंडी घालते. आणि थोडे नर उरले तरी ते बऱ्याच माद्यांना पुरतात, त्यामुळे मे महिन्यात सापळा लावला तर उशीर झालेला असतो. फळ अंड्याएवढं झालं की तेव्हाच टांगा, फांदीच्या सावलीत, साधारण डोक्याच्या उंचीवर, आणि दर आठवड्याला माश्या मोजून वहीत लिहा. आकडा अचानक चढला की समजायचं आता बागेत फिरायला पाहिजे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा याच तत्त्वावर चालतो.

तुळशीचं म्हणाल तर हो, तुळशीत मिथाईल युजेनॉल असतंच, पाला ठेचून बाटलीत ठेवला तर नर येतात. पण वास लवकर उडतो, पाला सारखा बदलावा लागतो, म्हणून माशी आली का एवढं बघायला ठीक, अख्ख्या बागेचा भार त्यावर नको. (हा वासाचा शोध आपल्याच देशात लागला बरं का, १९१२ च्या सुमारास बिहारमधल्या पुसा इथे हॉवलेट नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने बघितलं की सिट्रोनेला नावाच्या गवताच्या तेलावर फळमाशीचे नर गोळा होतात, त्या तेलातही हेच द्रव्य असतं.) एक काळजी घ्या, वडीचं औषध डब्याबाहेर पानावर किंवा खोडावर सांडू देऊ नका, नाहीतर माश्या सापळ्यात न जाता तिथेच घोटाळत बसतात.

पण माझं ऐकाल तर सगळ्यात मोठं काम झाडाखाली आहे. पडलेलं फळ फोडून बघा, पांढऱ्या अळ्या असतात, पूर्ण वाढलेली अळी तर टुणकन उडी मारते, मग मातीत शिरून कोष करते आणि त्यातून नवी माशी निघते. म्हणून पडका आंबा रोज गोळा करायचा, बांधावर फेकायचा नाही, खोल खड्ड्यात पुरायचा नाहीतर काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात टाकायचा, आणि काढणी झाल्यावर झाडाखालची माती उकरून ठेवायची. मादीसाठी प्रथिनांचं आमिष वेगळं मिळतं, तेही सापळ्याच्या जोडीला वापरता येतं.

२०१४ मध्ये युरोपने आपला हापूस बंद केला त्यामागे फळमाशीच होती, २०१५ ला बंदी उठली. माशी कुंपण मानत नाही, त्यामुळे शेजारच्या बागवाल्यांना आत्ताच विचारा, पुढच्या हंगामाला सगळ्यांनी एकदमच सापळे लावायचे का.