कोणत्या ज्यू फिगर स्केटरची कारकीर्द मुद्दाम वाचावी अशी आहे?

माझ्या मते फ्रान्सचे अलाँ काल्मा. जन्म १९४० सालचा, पॅरिसचा. शहर नाझींच्या ताब्यात असताना ज्यू घरात जन्मलेलं हे मूल. १९६२ ते १९६४ सलग तीन वर्षं युरोपियन विजेतेपद, १९६४ च्या इन्सब्रुक ऑलिम्पिकमध्ये रौप्य. सुवर्ण जर्मनीच्या श्नेलडॉर्फरने नेलं. पण पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, कोलोराडो स्प्रिंग्जला काल्मा जगज्जेते झाले आणि तिथेच थांबले. शिखरावर असताना थांबणं किती जणांना जमतं?

मला सर्वांत भावतो तो १९६८ च्या ग्रनोबल हिवाळी ऑलिम्पिकचा उद्घाटन सोहळा. मशाल हातात घेऊन काल्मा उंच जिना चढत होते. छातीवर छोटा मायक्रोफोन लावलेला. त्यांच्या काळजाची धडधड अख्ख्या स्टेडियमला लाउडस्पीकरवरून ऐकू येत होती! मग त्यांनी ज्योत पेटवली.

स्केटिंगनंतर ते सर्जन झाले. (स्पर्धा आणि वैद्यकीचा अभ्यास एकत्र सांभाळणं म्हणजे तारेवरची कसरतच.) १९८४ ते १९८६ ते फ्रान्सचे क्रीडामंत्री होते, आणि पुढे पॅरिसजवळच्या लिव्री-गार्गां शहराचे बरीच वर्षं महापौर.