वाचकांचे प्रश्न : आमदारकीच्या उमेदवाराची भूमिका ओळखायची कशी?

प्रश्न : २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत आमच्या गावात तीन प्रमुख उमेदवार येऊन गेले आणि तिघांनीही सोयाबीनला चांगला भाव मिळवून देण्याचा शब्द दिला. जाहीरनामेही चाळले, पण त्यांत मला फरक दिसला तो फक्त रकमेचा. उमेदवाराची खरी भूमिका काय आहे, हे मतदाराने कशावरून ठरवावे?
– एक शेतकरी वाचक, जिल्हा लातूर

उत्तर : आपण सोयाबीनचे उदाहरण दिले आहे, तेच धरून उत्तर देतो. हमीभाव जाहीर करणे हे केंद्र सरकारचे काम आहे; २०२४ च्या खरिपासाठी केंद्राने सोयाबीनला क्विंटलमागे ४८९२ रुपये ठरवले होते. त्याच निवडणुकीत भारतीय जनता पक्षाच्या संकल्पपत्रात किमान ६००० रुपयांचा शब्द होता. मधला फरक ११०८ रुपयांचा. हा फरक केंद्राकडून हमीभाव वाढवून घेऊन भरून काढायचा, की राज्याने आपल्या तिजोरीतून द्यायचा, हे जो उमेदवार सांगू शकतो त्याने या विषयावर विचार केला आहे असे समजावे. ‘भाव देऊ’ या दोन शब्दांना भूमिका म्हणता येत नाही, मग ते कोणत्याही पक्षाच्या व्यासपीठावरून उच्चारलेले असोत.

राज्याच्या हातात जे आहे, त्याबद्दल मात्र उमेदवाराला अगदी नेमके विचारता येते. शेती, पाणी, सार्वजनिक आरोग्य, पोलीस आणि स्थानिक स्वराज्य संस्था हे विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीत आहेत, तर शिक्षण १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनंतर समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य या दोघांच्या अधिकारात, गेले. हमीभाव दिल्लीत ठरत असला, तरी खरेदी केंद्रे किती उघडणार, ती दिवाळीच्या आधी सुरू होणार की आडत्याला माल विकून झाल्यावर, बारदाना वेळेवर येणार का, नोंदणी केलेल्याला पैसे किती दिवसांत मिळणार, या गोष्टींची तड लावण्यात आमदाराचे वजन खरोखर उपयोगी पडते. त्या हंगामात ओलाव्याची १२ टक्क्यांची अट माल परत पाठवायला कारण ठरत होती आणि अखेर नोव्हेंबरच्या मध्यावर, मतदानाला जेमतेम आठवडा उरला असताना, केंद्राने ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली. आपल्या तीन उमेदवारांपैकी कोणी त्याआधी या अटीबद्दल काही बोलले होते का, हे आठवून पाहावे.

आता कागदपत्रांकडे वळू. उमेदवारी अर्जासोबत नमुना २६ मधील जे शपथपत्र असते, ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. त्यात गुन्हेगारी प्रकरणे, मालमत्ता, कर्जे, शिक्षण आणि प्राप्तिकर विवरणाचा तपशील असतो, पण धोरणाविषयी त्यात एक ओळही नसते. ते जरूर वाचावे, परंतु आपल्या प्रश्नाचे उत्तर तेथे सापडणार नाही.

उत्तर सापडते ते सभागृहाच्या कामकाजात, आणि दुर्दैवाने तेथे फार थोडे मतदार डोकावतात. उमेदवार आधी आमदार राहिलेला असेल, तर महाराष्ट्र विधानमंडळाच्या संकेतस्थळावरील तारांकित प्रश्नांच्या, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नांच्या, याद्या उघडाव्यात. प्रश्नाची ठेवण वर्षानुवर्षे तीच आहे : आधी अमुक तालुक्यात अमुक घडले ‘हे खरे आहे काय’, मग ‘असल्यास’ चौकशी केली काय, तीत काय आढळले आणि कोणती कार्यवाही केली, आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ त्याखाली मंत्र्यांचे उत्तर छापलेले असते : ‘हे खरे नाही’, ‘हे अंशतः खरे आहे’ किंवा ‘प्रश्न उद्भवत नाही’. ही भाषा कोरडी वाटली, तरी आमदाराला आपल्या मतदारसंघातले काय टोचते हे तेथे लेखी उमटलेले असते. एक सावधगिरी मात्र बाळगावी. एकाच प्रश्नावर पुष्कळदा डझनभर सदस्यांची नावे असतात; त्यामुळे केवळ नाव दिसले म्हणून समाधान मानू नये. त्याच विषयावर त्या सदस्याने पुढे लक्षवेधी सूचना मांडली का, अर्धा तास चर्चा मागितली का, मंत्र्यांनी दिलेल्या आश्वासनाचा पुढच्या अधिवेशनात पाठपुरावा केला का, हे पाहावे. पाच वर्षांत पाण्यावर एकही प्रश्न न विचारणारा आमदार प्रचारात पाण्यावर तासभर बोलला, तर त्या तासाचे मोल किती धरायचे हे आपणच ठरवावे.

नवा उमेदवार असेल, तर तो जिल्हा परिषदेत, नगरपालिकेत किंवा बाजार समितीत होता का, हे विचारावे. जिल्हा परिषद आणि नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभांचे इतिवृत्त माहितीच्या अधिकारात मागता येते. अनेक जिल्हा परिषदांवर २०२२ पासून पुढे काही वर्षे प्रशासक होते; त्या काळातले इतिवृत्त मिळणार नाही, त्याआधीचे मागावे.

प्रश्न : पक्षाचा व्हिप निघाला की आमदाराला पक्ष सांगेल तसेच मत द्यावे लागते. मग उमेदवाराची वैयक्तिक भूमिका विचारून उपयोग काय?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपली शंका रास्त आहे, पण ती मतदानापुरतीच खरी आहे. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या अनुसूचीनुसार, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यानुसार, पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या किंवा मतदानाला गैरहजर राहणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व जाऊ शकते; पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केले तर गोष्ट वेगळी. १९९२ च्या किहोटो होलोहान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले होते की, अपात्रतेचा हा बडगा सरकारवरील विश्वासाचा प्रश्न आणि पक्षाने ज्या प्रमुख धोरणावर मते मागितली ते धोरण, एवढ्यापुरता मर्यादित असावा. प्रत्यक्षात पक्षांनी ही मर्यादा फारशी मानलेली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. प्रतोद, म्हणजे व्हिप काढणारा पदाधिकारी, नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा (निवडून आलेल्या आमदारांच्या गटाचा) नसून मूळ राजकीय पक्षाचा आहे, हे न्यायालयाने महाराष्ट्राच्याच सत्तासंघर्षाच्या प्रकरणात ११ मे २०२३ रोजी स्पष्ट केले, म्हणजे आदेशाची दोरी पक्षाच्याच हाती आहे.

परंतु व्हिप मताला बांधतो, बोलण्याला नाही. सत्ताधारी पक्षाचा आमदारही आपल्याच मंत्र्याला प्रश्न विचारू शकतो आणि विधेयकावरील चर्चेत त्यातील उणिवा दाखवू शकतो. शिवाय बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात. कोणी ‘होय’ म्हटले आणि कोणी ‘नाही’, याची नावनिशी नोंद राहत नाही. त्यामुळे आमदाराची भूमिका कळायला त्याचे भाषण हाच मुख्य पुरावा उरतो. कडव्या डाव्या संघटनांच्या बेकायदा कारवायांना आळा घालण्यासाठी म्हणून आणलेले महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२४ मध्ये मांडले गेले, डिसेंबरमध्ये पुन्हा आणून दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवले गेले, समितीकडे लोकांकडून हजारो सूचना आल्या, आणि जुलै २०२५ मध्ये काही बदलांसह ते मंजूर झाले. या वर्षभरात आपल्या आमदाराने समितीत, सभागृहात किंवा मतदारसंघातल्या एखाद्या बैठकीत या विधेयकाच्या बाजूने वा विरोधात काय म्हटले, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. ‘पक्षाची भूमिका तीच माझी’ हे उत्तर मिळाले, तर तीही माहितीच आहे. तशी ती नोंदवून ठेवावी.

प्रश्न : जाहीरनाम्यातले वचन पाळले नाही, तर न्यायालयात जाता येते का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : त्या मार्गाने फारसे हाती लागत नाही. तमिळनाडूतील मोफत वस्तूंच्या प्रकरणात ५ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, जाहीरनाम्यातील वचने लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचरण ठरत नाहीत असा निर्णय दिला आणि निवडणूक आयोगाला मार्गदर्शक तत्त्वे करायला सांगितले. त्यानुसार आचारसंहितेत, वचनामागील कारण आणि त्यासाठीचा पैसा कोठून येणार हे पक्षांनी ढोबळमानाने सांगावे, अशी अपेक्षा नमूद आहे. मतदाराला मात्र याहून खात्रीचे एक साधन उपलब्ध आहे, ते म्हणजे मार्चमधील अर्थसंकल्प. ‘लाडकी बहीण’ योजनेत महायुतीने १५०० चे २१०० रुपये करण्याचे आणि महाविकास आघाडीने महिलांना दरमहा ३००० रुपये देण्याचे वचन दिले होते. निवडून आलेल्या महायुती सरकारच्या मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात या योजनेसाठी ३६ हजार कोटी रुपयांची तरतूद झाली, परंतु २१०० रुपयांची घोषणा त्यात नव्हती. आपल्या आमदाराने त्या अर्थसंकल्पावरील चर्चेत याविषयी तोंड उघडले का, एवढेच आपण सभागृहाच्या कामकाजाच्या नोंदीत शोधावे.