‘ड्युअ‍ॅलिटी’ला मराठीत ‘दुटप्पीपणा’ म्हणता येईल का?

तुम्ही विचारलंय की ‘ड्युअ‍ॅलिटी’ म्हणजे नेमकं काय आणि मराठीत ‘दुटप्पीपणा’ चालेल का. नाही चालणार. माझ्या भाच्याने माणसाच्या स्वभावातल्या ड्युअ‍ॅलिटीवर निबंध लिहिताना हाच शब्द वापरला आणि अख्खी मनुष्यजात लबाड ठरवून टाकली! दुटप्पी माणूस बोलतो एक, करतो भलतंच. तो दोष झाला. ड्युअ‍ॅलिटीत दोष कुणाचाच नसतो. एकाच गोष्टीची दोन रूपं, बहुतेकदा एकमेकांच्या उलट, पण एकाशिवाय दुसरं नाही.

मी सोलापूरच्या पूर्व भागातला. वडील चादरीच्या मागावर होते, त्यामुळे मला हा शब्द चादरीवरूनच उमगला. आपली जकार्ड चादर घ्या. एका बाजूला मरून रंगावर पांढरं फूल, उलटली की पांढऱ्यावर मरून फूल. रंग जागा बदलतात, नक्षी तीच राहते. एक बाजू उसवून दुसरी ठेवीन म्हणाल तर हातात नुसतं सूत येईल. लहानपणी मी विचारायचो, यातली सुलटी कुठली? वडील म्हणायचे, गिऱ्हाईक बघतंय ती.

प्रतलाच्या प्रक्षेपीय भूमितीत (ही गणिताची एक शाखा) हेच करतात. ‘कुठल्याही दोन बिंदूंतून एकच रेषा जाते’ या वाक्यात बिंदू आणि रेषा यांची अदलाबदल करा: ‘कुठल्याही दोन रेषा एकाच बिंदूत भेटतात.’ तिथे तेही खरं ठरतं (समांतर रेषासुद्धा अनंतावर भेटतात असं त्या भूमितीत धरलेलं असतं). चादर उलटली, नक्षी तीच.

पदार्थविज्ञानात अशाच दुहेरी रूपाला ‘तरंग-कण द्वैत’ म्हणतात. प्रकाश कधी लाटेसारखा वागतो, कधी कणांसारखा. १९२४ साली फ्रेंच शास्त्रज्ञ लुई द ब्रॉय यांनी इलेक्ट्रॉनलाही लाटेचं रूप असतं असं मांडलं आणि १९२७ मध्ये ते प्रयोगात दिसलं.

तत्त्वज्ञानात मात्र जपून. मध्वाचार्यांच्या द्वैतात जीव आणि ईश्वर कायमचे वेगळे. शंकराचार्यांचं अद्वैत ते वेगळेपणच अंतिम खरं मानत नाही. मध्वाचार्यांसारख्या मताला इंग्रजीत ‘ड्युअ‍ॅलिझम’ म्हणतात, म्हणजे द्वैतवाद. ड्युअ‍ॅलिटी ही स्थिती, मत नव्हे.

सुखदुःख, मानअपमान अशा जोड्यांना जुना शब्द ‘द्वंद्व’. शाळेतला द्वंद्व समास आठवा: आईवडील, खरंखोटं. पण आता द्वंद्व म्हटलं की लोकांना कुस्तीच दिसते, त्यामुळे मी तो बेतानेच वापरतो.

आणि ड्युअल सिमच्या फोनला ड्युअ‍ॅलिटी म्हणू नका. एक सिम काढलं तरी दुसऱ्याचं काही अडत नाही. तिथे साधं ‘दुहेरी’ पुरतं.

भाच्याच्या वहीत शेवटी आम्ही ‘स्वभावाच्या दोन बाजू’ असं लिहिलं.