हालेलूया आहे ना त्यात, मग अडचण काय?

प्रश्न : आदरणीय पाळकसाहेब, प्रभूच्या नावात सलाम. माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, मंडळीच्या गायनवृंदात गिटार वाजवतो. येत्या युवक रविवारी त्याला बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनचं 'माय स्वीट लॉर्ड' हे गाणं उपासनेत म्हणायचं होतं. सरावाच्या वेळी पास्टरेट कमिटीतल्या एकांनी ते ऐकलं आणि सगळ्या मुलांसमोर त्याला भ्रष्ट म्हणाले. मुलाचं म्हणणं, त्यात हालेलूया आहे, देवाला पाहायची ओढ आहे, मग अडचण काय? पुढे 'हरे कृष्ण' येतं तेवढं गाळू, असंही तो म्हणाला. जॉर्ज हॅरिसन ख्रिस्ती होता का? हे गाणं ऐकणं पाप आहे का? मुलगा दोन रविवार चर्चला आलेला नाही.
— एक आई, वानवडी

उत्तर : ताई, सलाम. तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. त्याकडे मी येणारच आहे. पण मुलानं प्रश्न मनापासून विचारलाय, तेव्हा आधी त्याला सरळ उत्तर मिळायला हवं.

गाणं न ऐकता उत्तर देणं मला पटेना. नातीनं मोबाइलवर लावून दिलं आणि कानात ते बोंडलं घालून मी दोनदा ऐकलं. चाल फार गोड आहे. पुन्हा पुन्हा 'प्रभू' म्हणून हाक मारणारा माणूस खोटं बोलत नाही, हे पेटीवर पन्नास वर्षं घालवलेल्या माझ्या कानांना कळतं. मागचे गायक आधी 'हालेलूया' म्हणत राहतात. गाणं निम्म्याच्या पुढे गेलं की त्याच सुरात, त्याच ठेक्यात 'हरे कृष्ण' सुरू होतं. आणि नीट कान दिला तर आणखी एक गोष्ट ऐकू येते, जी बहुधा तुमच्या मुलाच्या लक्षात आली नसेल : 'गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णुः'. पुण्याच्या मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही तो श्लोक सांगायला नको.

म्हणजे 'हरे कृष्ण' गाळलं की काम झालं, असं नाही. गाणं बांधलंय तेच मुळी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्यासाठी. हे मी पदरचं सांगत नाही. हॅरिसननं स्वतः १९८२ च्या एका मुलाखतीत हे मोकळेपणानं सांगितलं. हालेलूया ऐकून पाश्चात्त्य माणूस निर्धास्त होईल, ताल धरेल, आणि त्याला कळायच्या आत तो मंत्र म्हणत असेल, अशी त्याची कल्पना होती. हालेलूया आणि हरे कृष्ण दोन्ही एकच, हे त्याला दाखवायचं होतं. मुलगा म्हणतो हालेलूया आहे ना, आणि ज्यानं गाणं केलं तो म्हणतो की हालेलूया पुढे ठेवलं ते याचसाठी. मुलाला एवढं एक जरूर सांगा.

तो ख्रिस्ती होता का? जन्म लिव्हरपूलचा, १९४३ चा. आई कॅथलिक, लहानपणी बाप्तिस्मा झालेला, पण पोरवयातच चर्च सुटलं. १९६६ मध्ये पंडित रविशंकरांकडे सतार शिकायला तो भारतात आला. १९६८ च्या फेब्रुवारीत बाकी बीटल्सबरोबर ऋषिकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात राहिला. १९६९ मध्ये लंडनच्या राधाकृष्ण मंदिरातल्या भक्तांकडून मंत्राची तबकडी करून घेतली आणि १९७३ मध्ये इस्कॉनला इंग्लंडमध्ये एक मोठं घर जमिनीसकट घेऊन दिलं. २००१ मध्ये वारला तोवर ही ओढ सुटली नाही. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कला त्यानं आणि रविशंकरांनी कार्यक्रम केला, तो तर जगभर गाजला. पैसा आणि कीर्ती असताना देवाला शोधणारा हा माणूस होता, त्याची थट्टा मी करणार नाही. पण प्रेषितांच्या अर्थानं तो ख्रिस्ती नव्हता. येशू त्याला अनेकांतला एक म्हणून चालत होता, आणि अनेकांतला एक ही जागा येशूनं कधी मागितली नाही. 'माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही' हे योहानाच्या चौदाव्या अध्यायातलं वाक्य आपण पाठ करून घेतो. ते खरं असेल तर पूर्ण खरं आहे. त्याच्या शेजारी दुसरं नाव ठेवलं की ते वाक्यच पुसलं जातं.

'हालेलूया' हा काही आनंदाचा नुसता उद्गार नाही. इब्रीत 'हालेलू' म्हणजे स्तुती करा, आणि 'याह' हे परमेश्वराच्या नावाचं लहान रूप. आपल्या स्तोत्रसंहितेत जिथे 'परमेशाचे स्तवन करा' असं छापलंय, तिथे मूळ शब्द हाच आहे. म्हणजे कुणाची स्तुती, ते त्या शब्दाच्या आतच लिहिलंय. आब्राहाम, इसहाक, याकोब यांचा देव, ज्यानं इस्राएलाला मिसरातून काढलं, तो. पत्र पाकिटात घालून पत्ता लिहिला, आणि वर दुसराही पत्ता लिहिला, तर ते पत्र कुणाला?

आता कुणी म्हणेल, पाळकबुवा, तुमचं मन लहान. मी नाना पेठेत वाढलो. आषाढीच्या आधी ज्ञानोबांची पालखी पालखी विठोबाला आणि तुकोबांची निवडुंग्या विठोबाला मुक्कामाला येते, तेव्हा आमच्या ओट्यावर वारकरी टेकत. आई त्यांना ऊन पाणी आणि तळपायाला लावायला खोबरेल द्यायची. एका वर्षी बीडकडचे एक म्हातारे बाबा बसले होते. टाचा इतक्या भेगाळल्या होत्या की पाणी लागलं तसे ते कळवळले. मी कॉलेजात जाणारा, मोठ्या मनाचा असल्याच्या थाटात म्हणालो, "बाबा, तुमचा विठोबा काय नि आमचा येशू काय, सगळं एकच." त्यांनी तळपाय पुसता पुसता मान हलवली. "न्हाई माउली, एक कसं? माझा इठोबा इटंवर हुबा हाय." आणि माझ्या आईला हात जोडून ते पुढे निघाले. मला त्या वेळी ओशाळल्यासारखं झालं. दोघांचंही नाव हलकं करून मी मोठा व्हायला बघत होतो, हे त्यांना कळलं होतं. सगळं एकच असं म्हणणारा माणूस वारकऱ्याचा मान ठेवत नाही आणि ख्रिस्ताचाही नाही.

एक योगायोग मला नेहमी आठवतो. हे गाणं ज्या तीन तबकड्यांच्या संचात आहे तो १९७० च्या नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निघाला. त्याच आठवड्यात, २९ नोव्हेंबरला, नागपुरात सहा मंडळ्या एक होऊन आपलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यासाठीची बोलणी १९२९ पासून चाललेली. बाळाला बाप्तिस्मा द्यायचा की मोठं झाल्यावर, बिशप असावेत की नसावेत, यावर आमच्या वडीलधाऱ्यांनी चाळीस वर्षं शब्द न् शब्द तपासला. तोही एकाच प्रभूला मानणाऱ्यांमध्ये! खरोखर एक व्हायचं तर असं बसावं लागतं. एका चालीवर दोन नावं म्हणून ते होत नाही.

ऐकणं पाप आहे का? घरी गिटार शिकताना ऐकलं म्हणून मुलाला पापी ठरवू नका, मोबाइलमधून काढूनही टाकू नका. पण त्याला एक गोष्ट जरूर सांगा. या गाण्यावर खटला झाला होता. १९६३ च्या एका अमेरिकन गाण्याची चाल यात आली आहे, असा निकाल १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयानं दिला. आणि न्यायाधीशांनी हेही मान्य केलं की हॅरिसननं ती जाणूनबुजून उचलली नव्हती, ऐकलेलं मनात राहिलं आणि नकळत बाहेर आलं. इतक्या जाणत्या संगीतकाराचं हे झालं. मग आपण शंभर वेळा गुणगुणतो ते आपल्या आत काय करत असेल? म्हणून उपासनेत हे गाणं नको, एक ओळ गाळूनही नको. मंडळी उभी राहून गाते तेव्हा ती कबुली देत असते. आजोबा आणि संडेस्कूलची पोरं एकत्र म्हणतात ते सगळ्यांच्या तोंडी बसतं.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येतो. १९७८ च्या सुमारास मी कॅम्पातल्या एका चर्चमध्ये पेटी वाजवायचो. कोरेगाव पार्कात रजनीश आश्रम येऊन चार वर्षं झाली होती, आणि भगव्या कपड्यांतले परदेशी तरुण एम. जी. रोडवर रोज दिसत. एका रविवारी त्यांच्यातला एक जण मागच्या बाकावर येऊन बसला. गळ्यात लाकडी मण्यांची माळ, तिच्यात गुरूंचा फोटो. प्रभुभोजनाच्या वेळी तो सरळ पुढे येऊन कठड्याशी गुडघ्यांवर बसला. आमचे म्हातारे पाळक भाकरीचं ताट घेऊन त्याच्यापाशी आले आणि थांबले. माझी बोटं पेटीवर तशीच राहिली. त्यांनी भाकर दिली नाही. ताट डाव्या हातात घेतलं, उजवा हात त्याच्या केसांवर ठेवून हळू आवाजात प्रार्थना केली, आणि पुढच्याकडे गेले.

मला वाटलं, आता उपासना संपल्यावर त्याला बाहेरची वाट दाखवतील. त्यांनी त्याला घरी नेलं. मी गीतपुस्तकं ठेवायला गेलो तेव्हा तो चहात खारी बुडवून खात होता. भाकर का दिली नाही ते त्यांनी त्याला स्पष्ट सांगितलं : ज्याच्या शरीराची ही खूण आहे त्याला तू एकट्याला प्रभू म्हणत नाहीस. तो वाद घालायला लागला. ते ऐकत राहिले. मग त्यांनी विचारलं, आईला पत्र कधी लिहिलंस? दोन वर्षं झाली होती. पाळकांनी कपाटातून एक निळं हवाई पत्र काढलं, पेन दिलं आणि बायकोला आणखी एक कप चहा ठेवायला सांगितलं. त्यानं तिथेच बसून, खाली मान घालून ते लिहिलं. पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं होतं, म्हणून मला माहीत.

तुमच्या मुलाला सगळ्यांसमोर भ्रष्ट म्हणणं चूकच झालं, आणि ज्यांनी म्हटलं त्यांनी तुमच्या घरी येऊन ते त्याला सांगायला हवं. गाणं नाकारायचं तर एकट्याला बाजूला घेऊन, कारण सांगून नाकारता येतं. येत्या गुरुवारी संध्याकाळी त्याला माझ्याकडे पाठवा, पत्ता संपादकांकडून घ्या. गिटार आणायला सांगा. माझ्याकडे एक स्तोत्र आहे, चाल बसत नाही म्हणून सहा महिने पडून आहे, तो बसवून देईल.

प्रश्न : आमच्या मंडळीतल्या काही तरुणांच्या मते टाळ-मृदंगावरची भजनं हिंदू पद्धतीची आहेत, ती बंद करून इंग्रजी चालीची गाणी घ्यावीत. आपलं मत?
— एक ज्येष्ठ वाचक, पिंपरी

उत्तर : नाही, बंद करू नका. वरचं उत्तर वाचून कुणी हा अर्थ काढील अशी धास्ती होतीच. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या चरणांपाशी आलो, असं ते सांगत. ओवी, अभंग, कीर्तन हे सगळं त्यांनी बरोबर आणलं, ते आपल्या मातीचं म्हणून. १९१७ मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, त्यात बाप्तिस्मा न झालेल्यांनाही जागा होती. यावरून तेव्हा बरीच कुरबुर झाली असणार, आणि माझंही त्या बाबतीत टिळकांशी पूर्ण जुळत नाही. पण त्या दरबारात मध्यभागी ख्रिस्तच होता, दुसरं कुणी नाही. त्यांची भजनं उघडून बघा, नाव कुठेही डळमळत नाही.

चाल कुठलीही घ्या. इंग्रजी चालही काही यरुशलेमहून आलेली नाही. तरुणांना गिटार घेऊन भजनाला बसवा, सुरुवातीला ठेका चुकेल. आणि टाळांच्या दोऱ्या तेवढ्या बदलून घ्या. आमच्या इथे मागच्या नाताळात भजन रंगात आलं असताना एक तुटली आणि टाळ घरंगळत पार वेदीपर्यंत गेला.