टेसरॅक्टच्या (म्हणजे चार मितींतल्या घनाच्या) ॲनिमेशनमध्ये आतला छोटा घन बाहेर येतो नि बाहेरचा आत जातो, हे नक्की काय चाललेलं असतं?

तो घन आत नसतोच, आणि छोटाही नसतो. तुम्ही बघताय ती सावली आहे.

घरी करून बघा. खराट्याच्या काड्यांचे सारखे तुकडे कणकेच्या गोळ्यांनी जोडून एक घन करा, टेबलापासून वीतभर वर धरा आणि वरून मोबाइलचा टॉर्च मारा. खाली मोठा चौकोन, त्याच्या आत छोटा चौकोन, दोघांचे कोपरे तिरक्या रेषांनी जोडलेले. टॉर्चजवळच्या बाजूची सावली मोठी पडते, एवढंच. टेबलावरच्या मुंगीला तुमच्यासारखाच प्रश्न पडेल.

कॉम्प्युटर हेच एक मिती वर जाऊन करतो. टेसरॅक्टला १६ शिरोबिंदू. प्रत्येकाचे एक्स, वाय, झेड, डब्ल्यू हे चार निर्देशक, +१ किंवा −१. ज्या दोघांत एकच निर्देशक वेगळा, ते रेषेने जोडायचे. ३२ कडा तयार. आता उजेड डब्ल्यूच्या दिशेला ३ वर ठेवा आणि बाकीचे तिन्ही निर्देशक (३ − डब्ल्यू)ने भागा. डब्ल्यू +१ असेल तिथे भाजक २, −१ असेल तिथे ४. म्हणून एक घन दुसऱ्याच्या निम्मा दिसतो. पुढे तीन मितींवरून स्क्रीनवर येणं हे तर ग्राफिक्सचं रोजचंच काम.

फिरवताना वाय आणि झेड जागेवर राहतात, एक्स आणि डब्ल्यू साइन-कोसाइनने एकमेकांत मिसळतात. लांबचा घन उजेडाजवळ येतो, त्याची सावली फुगते. तुम्हाला वाटतं तो ‘बाहेर आला’.

मी पहिल्यांदा याचा प्रोग्राम लिहिला तेव्हा शहाणपणा करून उजेड १.२ वर ठेवला होता. थांबलेलं चित्र झकास. फिरवलं, आणि रेषा स्क्रीनबाहेर उडाल्या! ४५ अंशांवर कोपऱ्याचा डब्ल्यू १.४१ होतो, म्हणजे कोपरा दिव्याच्याही पलीकडे. उजेड २ च्या पुढेच ठेवा; केंद्रापासून कोपरा तेवढाच लांब असतो.

टेसरॅक्ट बघायची दुसरी रीत कापांची: तो थोडा थोडा कापत जायचा आणि दर वेळी मिळणारा तीन मितींचा काप बघायचा. ब्राउन विद्यापीठातल्या थॉमस बँकॉफ आणि चार्ल्स स्ट्रॉस यांनी १९७८ च्या फिल्ममध्ये सावली आणि काप, दोन्ही दाखवले होते. कोपऱ्याकडून कापत गेलात तर आधी एक ठिपका, मग वाढत जाणारा चतुष्फलक (चार त्रिकोणी बाजूंचा), त्याची टोकं छाटली जात मधोमध अष्टफलक (आठ त्रिकोणी बाजूंचा), आणि तिथून सगळं उलट. मला स्वतःला सावलीच लवकर कळली. कापांसाठी स्लायडर हातात घेऊन बराच वेळ मागेपुढे करावं लागलं.